वाहत्या डोळ्यांची राजकन्या

एका राज्यात राजघराण्याला रडायची बंदी होती.

प्रजेने रडावे, मनसोक्त रडावे, लेक सासरी निघाली म्हणून रडावे, कांदा चिरताना रडावे, त्यावर करसुद्धा नव्हता. पण ज्याच्या अंगात राजरक्त, त्याच्या डोळ्यातून थेंब पडता कामा नये, असा दंडक होता. तो घालून दिला दुर्गपाल नावाच्या मूळपुरुषाने, आणि त्याची राखण करायला सिंहासनाशी दोन दगडी सिंह बसवले. नव्या राजाने गादीवर बसायचे, ते सूर्य उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत. भाटाने त्या घराण्यातल्या गेलेल्यांची गाणी गायची. तेवढ्या वेळात, किंवा पुढे राज्य करताना कधीही, एक थेंब जरी गालावर उतरला, तरी ते सिंह उठून चालते होत. मागे एकदा एका युवराजाला आजीची आठवण आवरली नाही. सिंह उठले, अंग झटकले आणि डोंगरात निघून गेले. त्यांची समजूत घालून त्यांना परत आणण्यात एक पिढी गेली. तोवर गादीवर तलवार ठेवून प्रधानच कारभार पाहत होते.

त्या राज्याचा दुसरा मोठा अभिमान म्हणजे तळे. नगर तळ्याच्या वरच्या काठावर होते, आणि समोर खालच्या अंगाला दुर्गपालाने घातलेला बांध. गादीवर येणाऱ्या प्रत्येक राजाने त्या बांधावर दगडाचा एक थर चढवायचा आणि त्यावर आपले नाव कोरायचे, अशी रीत होती. तळे भरे, पाणी घाटाच्या पायऱ्या चढून पेठेत शिरे, वाण्यांची पोती भिजत. मग नवा राजा येई, नवा थर चढे, लोक टाळ्या वाजवत, आणि काही वर्षांनी पाणी पुन्हा पेठेत. बांध किती उंच, हे त्या राज्यातले शेंबडे पोरही सांगे. पाणी जाते कुठे, हे मात्र कोणी कोणाला विचारले नव्हते.

अशा घराण्यात राजा अमोघसिंहाच्या पोटी वीरलेखा जन्माला आली, आणि पाळण्यात होती तेव्हापासून तिचे डोळे वाहत होते.

पोर मोठी मानी. घोड्यावर मांड पक्की, बोलणे थोडे, मान ताठ. डोळ्यांत सदा पाणी, म्हणून लांबचे तिला धुरकट दिसे, तर ती आवाजावर बाण मारी आणि तो लागे. वारा सुटला की धारा वाढत. पुसून पुसून पापण्यांखालची कातडी सोलवटून निघे, पण तिने कधी हाय म्हटले नाही. लोक म्हणत, "राजकन्या रडते आहे." ती म्हणे, "मी रडत नाही. माझे डोळे वाहतात." लोक मान डोलवत, आणि ती पुढे गेली की एकमेकांकडे बघत.

तिला हसवण्यासाठी देशोदेशीचे बहुरूपी आले, डोंबारी आले, माकडे आली. माकडांनी टोप्या बदलल्या. राजकन्या पोट धरून हसली आणि डोळे वाहतच राहिले. एकदा म्हशीवरून भांडणारे दोन शेजारी तिच्यापुढे न्यायाला उभे राहिले. तिचे भरलेले डोळे पाहून दोघांनाही लाज वाटली. "आपल्यापायी बाई रडतात," असे म्हणून त्यांनी तिथेच मिठी मारली, आणि एकाने म्हैस दुसऱ्याला देऊन टाकली. गावोगाव तिच्या दयेची कीर्ती झाली. वीरलेखेला त्याचाच सर्वांत राग आला, कारण ती दोघांनाही चाबकाचे फटके सांगणार होती.

राजवैद्य म्हणाले, झरा आटवायला हवा. त्यांनी तुरटीचे काजळ घातले, कडुनिंबाचा धूर दिला, शेवटी मिरीचे अंजन केले. डोळे लाल झाले आणि दुप्पट वाहू लागले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

मग एका सकाळी राजा अमोघसिंह दरबारात म्हणाला, "माझे गुडघे आता सिंहासनाच्या पायऱ्यांना भितात. येत्या चैत्री पौर्णिमेला मी गादीवरून उतरतो. वीरलेखा बसेल."

प्रधान सोमदत्त उठला. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हटला की त्याला भूक लागत नसे, तहान लागत नसे.

"राजकन्येने राज्य करावे असे मलाही वाटते," तो म्हणाला. "पण सिंह माझे ऐकत नाहीत. ते उठून जाण्यापेक्षा आपणच गादीवर तलवार ठेवलेली बरी."

"तलवार न्याय देते का, प्रधानजी?" वीरलेखेने विचारले.

"नाही. पण ती रडत नाही."

"मीही रडत नाही."

प्रधानाने तिच्या गालांकडे पाहिले आणि आदराने मान खाली घातली. तो आदर तिला थपडेसारखा लागला. ज्या गादीसाठी ती लहानपणापासून शिकली, जिच्यावर बसायला कोणाचेही अंग तिच्याइतके तयार नव्हते, ती एका थेंबासाठी जाणार होती, आणि तो थेंब दुःखाचाही नव्हता.

ती उठली, नावेतून तळे ओलांडून बांधावर गेली आणि पूर्वजांच्या थरांवर बसून राहिली. जवळच एका खांबावर निळा खंड्या बसला होता. त्याने मासा गिळला आणि तिच्याकडे पाहिले.

"का रडतेस, असे विचारू नकोस," ती म्हणाली.

"मी कशाला विचारू?" खंड्या म्हणाला. "मला पाणी कळते. तुझे पाणी काठावरून सांडते आहे. तुझी मोरी बुजली आहे."

पक्षी बोलला याचे तिला नवल वाटले नाही. त्या राज्यात खंड्या पक्षी बोलतच, फक्त तोंडात मासा नसताना.

"कसली मोरी?"

"पापणीच्या कडेला, नाकाकडच्या कोपऱ्यात, वर एक आणि खाली एक, राईच्या दाण्याहून बारीक भोक असते. डोळ्यातले रोजचे पाणी त्यातून आत उतरते आणि नाकाच्या वाटेने जाते. म्हणून तर रडणाऱ्याचे नाक गळते. तुझे गळते का?"

राजकन्येने आठवून पाहिले. तिचे नाक नेहमी कोरडे असे, आणि खरे सांगायचे तर त्याचाही तिला थोडा अभिमान होता.

"तुझी भोके इतकी आवळली आहेत की मुंगीलाही दिसणार नाहीत," खंड्या म्हणाला. "डोळ्याला ओल राहावी एवढेच पाणी तुझा झरा देतो, जास्त नाही. पण त्याला जायला जागा नाही. तुमचे वैद्य झऱ्यामागे लागले. मोरीत कोणी डोकावले नाही."

"ती उघडणारे कोणी आहे?"

"बांधाखालच्या कोरड्या रानात चक्रिका मांत्रिकीण राहते. सात राज्यांत डोळ्यांना तिच्याइतका हलका हात कोणाचा नाही, असे ती सांगते."

"आणि इतर?"

"इतरही तेच सांगतात, पण तिचे सांगून झाल्यावर."

वीरलेखेने बांधावरच्या राखणदाराचा घोडा घेतला आणि ती बांध उतरून खाली गेली. दुर्गपालानंतर त्या घराण्यातले कोणी त्या बाजूला उतरले नव्हते. खाली नदीचे पात्र होते आणि नदी नव्हती. वाळूत नावा पालथ्या घातल्या होत्या, आणि त्यांच्याखाली धनगरांनी शेळ्या बांधल्या होत्या. एक दगडी घाट होता. त्याच्या शेवटच्या पायरीवर एक बाई नसलेल्या पाण्यात पाय सोडून बसली होती. तिचे वय तिलाच आठवत नव्हते.

"दुर्गपालाच्या घरची आहेस," ती म्हणाली. "डोळ्यांवरून ओळखले. शाप माझाच आहे. चांगला बसला आहे."

"चांगला बसला आहे," वीरलेखा म्हणाली. "आता काढ."

"मागतेस की आज्ञा करतेस?"

"मला मागता येत नाही. आमच्या घरात कोणी शिकवले नाही."

मांत्रिकीण हसली. मागणे तिलाही कधी जमले नव्हते, म्हणून तिला ही पोर आवडली. तिने पायरीवर जागा करून दिली आणि सांगितले, "इथे नदी होती. तळ्याच्या मोरीतून ती निघायची. तुझ्या दुर्गपालाला शत्रूची धास्ती पडली. त्याने राज्याचे सगळे सोने त्या मोरीच्या बोगद्यात कोंबले, तोंडाशी दगड बसवला आणि वर बांध घातला. सोने राहिले, नदी मेली. आम्ही त्याच्या दारात गेलो, रडलो. तो म्हणाला, हे रडणे खोटे आहे, रडून कामे करून घेणारे लोक तुम्ही. त्याच दिवशी त्याने रडण्याच्या बंदीचा दंडक काढला. मी म्हटले, जशी तू पाण्याची वाट बुजवलीस, तशी तुझ्या वंशातल्या एकाच्या डोळ्यांची वाट बुजेल. न रडता डोळे वाहतील, आणि त्याचे म्हणणे कोणाला खरे वाटणार नाही."

शाप रास्त होता, असे वीरलेखेला वाटले, आणि हे कबूल करणे तिला फार जड गेले.

"काय आणू?" तिने विचारले.

"रुपेरी साळिंदराचा काटा आण, त्याने वाट मोठी होईल. आठ पायांच्या पांढऱ्या कोळिणीचा पोकळ धागा आण, त्याने वाट उघडी राहील. नुसते भोक मोठे केले तर जखम भरता भरता तेही भरून जाते. तिसरा मोरीतला दगड. तो इथे आणायचा नाही, तिथल्या तिथे काढायचा. तो निघाला नाही, तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग नाही."

रुपेरी साळिंदर एका घळीत राहत असे. त्याच्या अंगावर चांदीचे काटे, बुंध्याला जाड आणि टोकाला केसाहून बारीक. कोणी जवळ आले की ते काटे फुलवी, उन्हात सगळी घळ लखलखे, आणि आलेला माणूस डोळे दिपून आंधळ्यासारखा चाचपडत परत जाई. त्याच्या नजरेला नजर देईल त्यालाच काटा, असा त्याचा पण होता.

वीरलेखा त्याच्यासमोर उभी राहिली. साळिंदराने काटे फुलवले. पण तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि पाण्यातून ती सारी लखलख तिला पहाटेच्या धुक्याइतकीच दिसली. तिने सरळ त्याच्या नजरेला नजर दिली.

"तुला त्रास होत नाही?" साळिंदराने विचारले.

"होतो. पण तो तुझ्या आधीपासून होतो."

साळिंदर स्वतः फार गर्विष्ठ होते. आपल्यापुढे कोणी गयावया केली नाही, हे त्याला पसंत पडले. त्याने अंग हलवून एक काटा खाली टाकला, सर्वांत बारीक टोकाचा. ज्या दुखण्यापासून सुटायला आपण निघालो त्याच दुखण्याने हे काम केले, हे राजकन्येला मुळीच आवडले नाही. पण काटा तिने पदरात बांधला.

पांढरी कोळीण एका आटलेल्या विहिरीत होती. तिचा धागा आतून पोकळ असे. पण नदी गेल्यापासून तिला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, आणि पाण्याशिवाय धागा निघत नसे. वीरलेखा दोर सोडून विहिरीत उतरली आणि कपारीपाशी वाकली. डोळ्यातले दोन थेंब कोळिणीच्या पुढ्यात पडले.

कोळीण मागे सरकली. "रडण्याचे पाणी मी पीत नाही. ते कडू असते."

"मी रडत नाही. माझे डोळे वाहतात."

हे वाक्य तिने आयुष्यात इतक्या वेळा म्हटले होते की आता त्यात जोरही उरला नव्हता. कोळिणीने एक पाय पुढे केला, थेंबाला लावला, चव घेतली. मग ती सावकाश पुढे आली आणि दोन्ही थेंब पिऊन गेली.

"खरे बोलतेस," ती म्हणाली. "यात दुःख नाही."

तिच्या या वाक्यावर कोणीतरी पहिल्यांदा विश्वास ठेवला होता. बापाने ठेवला नव्हता, वैद्यांनी नव्हता, दाईनेही नव्हता, आणि ठेवला तो विहिरीतल्या एका कोळिणीने. राजकन्येला खरेच रडू येऊ लागले. पण ती दुर्गपालाच्या घरची होती, तिने ते गिळले. कोळिणीने धागा कातला, केसाएवढा, आत पोकळ. वीरलेखेने तो काट्याभोवती गुंडाळला आणि ती दोर धरून वर आली.

चक्रिकेने दोन्ही वस्तू उजेडात धरून पाहिल्या. "आता दगड," ती म्हणाली. "तो हाताने निघत नाही. ज्यांचे पाणी अडवले त्यांच्यासमोर, ज्याने अडवले त्याच्या रक्ताच्या माणसाने, जे केले ते मोठ्याने सांगायचे. मग निघेल. तुला जमणार नाही, असे मला वाटते."

"का?"

"मला जमले नसते."

राजकन्या दरबारात परतली आणि तिने सारे सांगितले. प्रधान सोमदत्ताने कानांवर हात ठेवले. "दंडक आहे की नव्या राजाने बांधावर थर चढवावा. बांधाखालून दगड काढावा असे कुठेही नाही. आणि सोने वाहून जाईल."

"ते सोने आजवर कोणी पाहिले आहे, प्रधानजी?"

"कोणीच नाही."

"मग ते गेल्याचे कोणाला कळेल?"

प्रधान कानांवरचे हात काढून राजाकडे बघू लागला. राजा अमोघसिंह मात्र हलला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "लेकी, त्या बांधावर माझाही थर आहे."

"तुमच्या थराला मी हात लावत नाही, महाराज."

"आपल्या घराण्याची चूक धनगरांपुढे बोलून दाखवणार? या मानी मानेने?"

"हो. ही मान ताठ आहे म्हणूनच. चूक झाकायला मान वाकवावी लागते, आणि आपण इतकी वर्षे पाण्याकडे खाली मान घालूनच बघत आलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा राजा बांधाच्या पायथ्याशी तिच्याआधी येऊन उभा होता. गुडघे दुखत होते, काठी धरली होती, आणि पायातले जोडे काढून ठेवले होते.

खालच्या रानातले लोक जमले. धनगर आले, त्यांच्या बायका आल्या, शेळ्या आल्या. मोरीच्या तोंडाशी तो दगड होता, शेवाळलेला, बैलाएवढा. वीरलेखा त्याच्यापुढे उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तिने ते पुसले नाही.

"दुर्गपाल माझा पूर्वज," ती म्हणाली. "त्याने तुमची नदी अडवली. या बोगद्यात सोने भरले आणि दगड लावला. त्याच्यामागे आलेल्या प्रत्येकाने वर एक एक थर चढवला, आणि खाली कोणी पाहिले नाही. हे आमच्या घराण्याने केले. अडवणारा हात आमचा होता, म्हणून उघडणाराही आमचाच असेल. तो मान मी दुसऱ्याला देणार नाही."

दगड करकरला, पण जागचा हलला नाही. लोक थांबले. तेव्हा एक म्हातारी धनगरीण पुढे आली. "बाई, आमच्या खापरपणज्या तुमच्या दारात येऊन रडल्या होत्या. ते काय होतं?"

वीरलेखेने तिच्याकडे पाहिले. खोटे ठरवले जाणे म्हणजे काय, ते त्या सबंध मेळाव्यात तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

"ते रडणे खरे होते," ती म्हणाली. "तो खोटे बोलला."

दगड निखळला आणि बाजूला लोळला. आधी हवा आली, मग चिखल, मग पाणी, आणि पाण्याबरोबर सोने, पाचोळ्यासारखे गडगडत. लोक शेळ्या घेऊन काठावर पळाले. पालथ्या नावा उलटल्या आणि तरंगू लागल्या. सोने वाळूत मुरले, आणि पुढे कित्येक पिढ्या त्या रानात नांगराला अधूनमधून एखादे नाणे लागत असे. तिकडे नगरात तळे उतरले, आणि कोणी कधी न पाहिलेल्या घाटाच्या पायऱ्या वर आल्या. वाण्यांनी पोती उन्हात घातली.

चक्रिका आपल्या घाटावर तशीच पाय सोडून बसली होती. आता पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आले होते. तिने पाण्यात एकदा पाय हलवले. मग म्हणाली, "ये. मांडीवर डोके ठेव. हलू नकोस."

"मी हलत नाही."

मांत्रिकिणीने डोळ्यांत एका मुळीचा गार रस सोडला, तेव्हा कोपरे बधिर झाले. रुपेरी काट्याचे टोक तिने पापणीच्या कडेवर टेकवले, जिथे दुसऱ्या कोणाला काहीच दिसले नसते, आणि बोटांत फिरवत फिरवत हळूहळू आत घातले. काटा पुढे जाई तसा जाड होई, आणि वाट तेवढी रुंद होई. मग भोकाच्या ओठाला तिने बारीकशी चीर दिली आणि तिच्यातून पोकळ धागा ओवला. चारही भोकांना असेच केले. काम संपल्यावर तिने तो रस पुन्हा सोडला.

वीरलेखेने तोंड वाकडे केले. "घशाशी कडू लागते आहे."

"लागणारच," चक्रिका म्हणाली. "डोळ्यातले घशापर्यंत पोचले. वाट उघडली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धागा काढू. तोवर डोळे चोळायचे नाहीत."

एवढ्या सगळ्या पराक्रमांत राजकन्येला हेच सर्वांत कठीण गेले. पण तिने बोट लावले नाही.

"मोबदला काय देऊ?" तिने विचारले.

"सात राज्यांत सांग, हे कोणी केले."

"ते तू सांगशीलच."

"तूही सांग. राणीने सांगितलेले लोक जास्त ऐकतात."

चैत्री पौर्णिमा आली. सूर्य उगवला, वीरलेखा गादीवर बसली, दोन्ही दगडी सिंहांनी माना वळवून तिच्याकडे पाहिले. भाट गाऊ लागला. त्याने आजे-पणजे गायले, लढाईत पडलेले गायले, आणि शेवटी राणी इरावतीचे गाणे घेतले. इरावती ही वीरलेखेची आई, पोर रांगत होती तेव्हा तापाने गेली. ज्या दिवशी तिची चिता पेटली त्या दिवशीही अमोघसिंह दंडकाप्रमाणे कोरड्या डोळ्यांनी गादीवर बसून होता, असे गाण्यात होते, आणि लोक ते मोठ्या अभिमानाने ऐकत. वीरलेखेने श्वास धरला. छातीवर दगड ठेवायला तिला कोणी शिकवायला नको होते. वारा आला, गालांवरून गेला. गाल कोरडे होते.

सूर्य डोक्यावर आला. सिंहांनी माना सरळ केल्या. प्रधान सोमदत्ताने जवळ येऊन पाहिले, पुन्हा पाहिले आणि मुकुट तिच्या मस्तकावर ठेवला. "राणीसाहेब," तो म्हणाला, "आपण खरेच रडत नव्हता."

"नव्हते, प्रधानजी."

गर्दीतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "म्हणजे आपल्या म्हशीच्या वेळीही बाई रडत नव्हत्या? मग माझी म्हैस परत दे."

"आता राहू दे," शेजारी म्हणाला. "तिला इकडची सवय झाली आहे."

मग अमोघसिंह पुढे आला. नव्या राणीला मुजरा करून त्याने मागे सरायचे होते. आता त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता, हातात दंड नव्हता. तो पायऱ्यांशी आला, मुजऱ्याला वाकला, आणि वर उठेना. दरबाराला वाटले, गुडघे. वीरलेखा गादीवरून उठली, पायऱ्या उतरली आणि त्याच्यापुढे बसली. म्हाताऱ्याच्या दोन्ही गालांवरून धारा चालल्या होत्या.

त्याने तोंड फिरवले. "मी रडत नाही," तो म्हणाला. "माझे डोळे वाहतात."

वीरलेखेने पदराने त्याचा चेहरा पुसला. दरबारात ती त्याला कधी महाराजांशिवाय दुसरे काही म्हणाली नव्हती.

"तुमचे नाक गळते आहे, आबा," ती म्हणाली. "हे रडणे आहे."

म्हाताऱ्याने नाक ओढले. "तुझ्या आईसाठी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी राहून गेले होते."

आणि राणी वीरलेखेचे डोळे भरून आले. काठावरून सांडले नाहीत, आतून भरून आले, आणि मग गालांवर उतरले. तिने नाक ओढले. दरबार उभा राहिला. मागे दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला, सिंह उठत होते. प्रधान डोळे मिटून भिंतीला टेकला.

राणीने मान वळवली नाही. बापाचा हात हातात धरून ती म्हणाली, "आज मी रडते आहे. जायचे असेल तर जा."

दोन्ही सिंह उभे राहिले. त्यांनी दाराकडे पाहिले, राणीकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले. मग थोरला पुन्हा बसला. धाकट्याने जांभई दिली, आणि तोही बसला.

त्या राज्यात पुढे बांधावर थर चढला नाही, आणि न रडण्याचा दंडक कोणी मोडायला गेले नाही, तो आपोआप विसरला गेला. हे मला खंड्याने सांगितले, तोंडात मासा नसताना. त्यांचे पाणी जसे आपल्या वाटेला लागले, तसे तुमचे-आमचेही लागो.